डोंगर पोखरला, पण आत राजा नव्हता : सिल्बरी हिलची हकिगत

१/
इंग्लंडच्या दक्षिण भागात विल्टशायर नावाचा परगणा आहे. लंडनहून बाथकडे जाणारा जुना राजमार्ग या परगण्यातील एव्हबरी गावाजवळून पुढे जातो, तेव्हा त्याच्या उत्तर अंगाला एक हिरवी टेकडी दिसू लागते. तिचा उतार चहूबाजूंनी जवळपास सारखा आहे आणि माथा सुरीने कापल्यासारखा सपाट आहे. भोवतालच्या लांब, संथ चढणीच्या माळरानांशी तिचे काहीच साम्य नाही. ती उभीही आहे दरीच्या तळाशी, ओलसर कुरणात, जिथे निसर्ग टेकडी उभी करण्याची शक्यता फार कमी. कारण ही टेकडी निसर्गाने घडवलेलीच नाही. ती माणसांनी पाट्या भरभरून रचली आहे. तिचे नाव सिल्बरी हिल.

२/
सिल्बरी हिलची उंची सुमारे ३० मीटर, म्हणजे आजच्या दहामजली इमारतीइतकी. पायथ्याचा व्यास सुमारे १६० मीटर. तिने व्यापलेली जमीन जवळजवळ ५ एकर भरते. तिच्यात सुमारे अडीच लाख घनमीटर खडू, माती आणि वाळूखडे आहेत आणि त्यांचे वजन अंदाजे पाच लाख टन आहे. गिझाच्या तीन पिरॅमिडांपैकी सर्वांत लहान असलेल्या मेनकौरेच्या पिरॅमिडाचे घनफळही साधारण एवढेच आहे. युरोपात प्रागैतिहासिक काळात माणसांनी उभारलेली याहून मोठी टेकडी नाही.

३/
तिचा काळ इ.स.पू. २४०० च्या आसपासचा. त्या वेळी गिझाचे पिरॅमिड बांधून झालेले होते आणि सिंधू खोऱ्यात हडप्पा व मोहेंजोदडो ही नगरे ऐन भरात होती. परंतु इजिप्तमधील राजांची नावे आपल्याला लेखांतून कळतात. हडप्पावासीयांच्या विटा, मुद्रा, वजने आणि सांडपाण्याच्या नाल्या त्यांच्या जगण्याविषयी बोलतात. सिल्बरी रचणाऱ्या लोकांना लिपी नव्हती, त्यांची नगरे नव्हती आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव उरलेले नाही. लोखंड तर दूरच, तांबेदेखील ब्रिटनमध्ये नुकते कुठे येऊ लागले होते. तांबड्या हरणांच्या शिंगांची कुदळ करून त्यांनी खडू फोडला आणि तो वाहून आणून ही टेकडी रचली.

४/
कशासाठी? हा प्रश्न निदान साडेतीनशे वर्षे विचारला जात आहे. त्याचे उत्तर टेकडीच्या पोटात दडले असणार, अशा खात्रीने लोकांनी तिला वरून भोक पाडले, बाजूने बोगदा खणला, शंभरावर वर्षांनी पुन्हा दुसरा बोगदा खणला. त्या उत्खननांमुळे एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टेकडी आतून ढासळू लागली. सिल्बरीच्या या हकिगतीत म्हणूनच दोन प्रकारची माणसे भेटतात : ती रचणारी आणि ती पोखरणारी.

५/
प्रथम तिचा परिसर समजून घेतला पाहिजे. टेकडीच्या उत्तरेस सुमारे दीड किलोमीटरवर एव्हबरीचे शिलावर्तुळ आहे. स्टोनहेंजहून ते कितीतरी मोठे असून त्याच्या आत आज गावाचा काही भाग वसलेला आहे. दक्षिणेच्या चढावर वेस्ट केनेट ही लांबट दफनटेकडी आहे. ती सिल्बरीहून हजारावर वर्षांनी जुनी असून तिच्या दगडी दालनांत अनेक माणसांच्या अस्थी सापडल्या आहेत. सिल्बरीच्या पायथ्याजवळ स्वॉलोहेड नावाचा झरा आहे. इथूनच पुढे वाहत जाणारी केनेट नदी शेवटी थेम्सला मिळते. थंडीच्या दिवसांत भूजल वर येते, टेकडीभोवतीचा खंदक पाण्याने भरतो आणि ती तळ्यातून वर आल्यासारखी दिसते.

६/
जिथे लेखी इतिहास मुका होतो तिथे लोककथा बोलू लागते. गावकरी सांगत की, सिल नावाचा राजा घोड्यावर बसलेल्या अवस्थेतच या टेकडीखाली पुरलेला आहे. काहींच्या मते तो घोडा सोन्याचा होता. दुसऱ्या एका कथेत मार्लबरो गावावर राग धरलेला सैतान पोतेभर माती घेऊन ते गाव गाडून टाकायला निघाला होता. एव्हबरीच्या पुरोहितांनी मंत्रबळाने त्याला अडवले आणि ती माती त्याला इथेच टाकावी लागली. या दोन कथांपैकी पुढच्या संशोधकांच्या मनावर राज्य केले ते पहिल्या कथेने. टेकडी म्हणजे थडगे, आणि थडगे म्हटले की आत राजा व त्याचे धन हवेच, ही समजूत पुढे तीन शतके टिकली.

७/
सतराव्या शतकात जॉन ऑब्री या विद्याव्यासंगी गृहस्थाने एव्हबरीच्या प्राचीन अवशेषांकडे प्रथम जाणीवपूर्वक लक्ष दिले. १६६३ मध्ये त्याने राजा दुसरा चार्ल्स याला हा परिसर दाखवला आणि राजा सिल्बरीच्या माथ्यावर चढला. सोबत राजाचा भाऊही होता. माथ्यावरच्या गवतात टाचणीच्या टोकाएवढ्या गोगलगायी दिसल्या, तेव्हा त्या वेचून देण्याची आज्ञा ऑब्रीला झाली. सिल राजाची दंतकथाही ऑब्रीने टिपून ठेवली. पायाखाली कोण आहे याचे कुतूहल त्या राजमंडळालाही असणार. पण त्या दिवशी हाती आल्या त्या गोगलगायीच.

८/
पुढे १७२३ मध्ये माथ्यावर झाडे लावण्यासाठी खड्डे खणताना मजुरांना हाडे आणि घोड्याच्या लगामाची लोखंडी कडी सापडली. विल्यम स्टुकली या पुरावस्तूंच्या अभ्यासकाने ही टेकडी उभारणाऱ्या राजाचेच ते अवशेष असल्याचा निष्कर्ष काढला. वास्तविक लोखंडी लगाम नवाश्मयुगातील असूच शकत नाही. तो कितीतरी नंतरच्या काळातला आहे. परंतु युगांची अशी विभागणी त्या काळी रूढच झालेली नव्हती. स्टुकलीने परिसराची काळजीपूर्वक केलेली चित्रे आजही उपयोगी पडतात. त्याच्या निष्कर्षाने मात्र थडग्याची समजूत अधिक पक्की केली.

९/
मग १७७६ साल उजाडले. कर्नल एडवर्ड ड्रॅक्स याने नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या पाठबळावर खाणकामगार आणले आणि टेकडीच्या माथ्यापासून थेट खाली मूळ जमिनीपर्यंत एक उभी विहीर खणवली. आडव्या बोगद्यापेक्षा हे काम अधिक कष्टाचे होते, शिवाय वरून माती कोसळण्याचा धोका होताच. विहीर तळाला पोहोचली; राजा काही सापडला नाही. खजिन्याच्या आशेने सुरू झालेले काम निराशेत संपले. विहीर नीट दाबून भरण्यासाठी पुन्हा श्रम आणि पैसा खर्च करण्यात कोणालाच रस उरला नाही. ही कसूर टेकडीने पुढे सव्वादोनशे वर्षे पोटात वागवली.

१०/
ड्रॅक्सच्या हाती काहीच लागले नाही असे पुढे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु त्याने उत्खनन चालू असताना लिहिलेली पत्रे ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात होती आणि एकविसाव्या शतकात ती अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. विहीर खणताना टेकडीच्या गाभ्यात सुमारे सहा इंच रुंदीची एक अरुंद, उभी पोकळी लागल्याचे ड्रॅक्सने त्यांत नोंदवले आहे. आत काहीतरी होते व ते कालांतराने कुजून गेले, म्हणून ही पोकळी राहिली, असा त्याचा तर्क होता. आजचे अभ्यासक तिथे लाकडाचा उंच खांब असावा असे समजतात. रिकाम्या भोकाचीही नोंद ठेवावी, एवढे भान ड्रॅक्सला होते.

११/
एकोणिसाव्या शतकात वेगळाच वाद रंगला : ही टेकडी रोमनांच्या आधीची की नंतरची? याचे उत्तर टेकडी न खणताही मिळत होते. रोमनांचा रस्ता पूर्वेकडून येताना सरळ सिल्बरीचा रोख धरतो आणि जवळ आल्यावर दक्षिणेला वळसा घेऊन पुढे जातो. रस्ता आखणाऱ्यांपुढे टेकडी आधीपासून उभी होती आणि दुरून दिसणारी खूण म्हणून त्यांनी तिचा उपयोग करून घेतला, हे यावरून उघड होते. टेकडीच्या पायथ्याशी रोमन काळात एक वस्तीही होती, हे अलीकडच्या भूचुंबकीय सर्वेक्षणातून दिसून आले आहे. त्या वस्तीतील लोकांसाठीही सिल्बरी अडीच हजार वर्षांची म्हातारी होती. तिच्याविषयी ते काय सांगत असतील, हे मात्र त्यांच्याबरोबरच गेले.

१२/
१८४९ च्या उन्हाळ्यात हेरफर्डच्या कॅथीड्रलचे डीन जॉन मेरेवेदर यांनी दुसरा मार्ग निवडला. त्यांनी पायथ्याच्या बाजूने मध्यापर्यंत आडवा बोगदा खणवला. मध्य गाठल्यावर तिथून आजूबाजूला छोटे फाटेही काढले. कबर नेमकी मध्यावर नसेल तर थोडी सरकलेली असेल, ही आशा. पण राजा नाही, शवपेटी नाही, सोन्याचा घोडा नाही. डोंगर पोखरून उंदीर निघावा, तशी स्थिती. पुढच्याच वर्षी मेरेवेदर यांचे निधन झाले आणि त्यांची टिपणे १८५१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

१३/
त्या टिपणांतील एक तपशील तेव्हा किरकोळ वाटला, आज तो अमोल आहे. बोगद्याच्या शेवटी, टेकडीच्या अगदी तळाशी, गवतासह उचलून रचलेल्या मातीच्या ढेपा दिसल्या आणि त्यांतील शेवाळ व गवत अजून ओळखता येत होते. वर रचलेल्या भाराने हवा कोंडली गेल्यामुळे ते कुजले नव्हते. म्हणजे टेकडीच्या आत चार हजार वर्षांपूर्वीचे एक कुरण जसेच्या तसे जपलेले होते. डीनसाहेब राजा शोधत होते, आणि त्यांच्या कंदिलाच्या उजेडात राजाहूनही दुर्मीळ गोष्ट चमकत होती. ती वाचण्याची विद्या अजून जन्माला यायची होती.

१४/
याच शतकात सिल्बरीला एक राखणदार लाभला. जॉन लुबॉक हे बँकर, संसदसदस्य आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. घरे बांधण्यासाठी एव्हबरीच्या परिसरातील जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी तिथली जमीन स्वतः विकत घेण्यास सुरुवात केली. त्यांच्याच चिकाटीमुळे १८८२ मध्ये ब्रिटनचा पहिला प्राचीन स्मारक संरक्षण कायदा संमत झाला. त्या कायद्याच्या मूळ सूचीत सिल्बरी हिलचे नाव आहे. पुढे लुबॉक यांना सरदारकी मिळाली, तेव्हा त्यांनी नाव निवडले ते ‘लॉर्ड एव्हबरी’. कायद्याने टेकडीला बाहेरून संरक्षण दिले. आतली भोके मात्र तशीच राहिली.

१५/
१९२२ मध्ये फ्लिंडर्स पेट्री इथे आले. इजिप्तमधील उत्खननांनी कीर्ती मिळवलेला हा विद्वान. पिरॅमिडाला प्रवेशद्वार असते, तसे याही टेकडीला असेल या अपेक्षेने त्यांनी उतारावर चर खणून पाहिले. द्वार सापडले नाही. पेट्रींच्या तर्काची चूक समजून घेण्यासारखी आहे. ज्या संस्कृतीत आयुष्य घालवले, तिच्या चौकटीत त्यांनी दुसरी संस्कृती बसवून पाहिली. इजिप्तमध्ये भव्य बांधकाम म्हणजे राजाचे थडगे, हे समीकरण खरे होते. केनेटच्या काठी ते लागू पडेलच, याला आधार नव्हता.

१६/
त्यानंतर आली ती १९६८ ची मोहीम. स्टोनहेंजच्या उत्खननामुळे प्रसिद्ध असलेले प्राध्यापक रिचर्ड ॲटकिन्सन तिचे प्रमुख होते आणि बीबीसीने तिला पैसा व प्रसिद्धी दोन्ही पुरवली. त्या काळी बीबीसी-टू वाहिनीचे प्रमुख होते डेव्हिड ॲटनबरो. मेरेवेदर यांच्या बोगद्याच्या रोखानेच नवा, अधिक रुंद बोगदा खणला गेला आणि कॅमेरे टेकडीच्या पोटात शिरले. कबर उघडण्याचा क्षण आपल्याला थेट पाहता येईल, अशी आशा घरोघरी दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या प्रेक्षकांना वाटत होती. १९७० पर्यंत काम चालले. कबर मिळाली नाही आणि अनेक वृत्तपत्रांच्या लेखी मोहीम फसली.

१७/
विज्ञानाच्या लेखी मात्र ती फसली नव्हती. मेरेवेदर यांनी पाहिलेले गवत, शेवाळ, बिया, कीटक आणि गोगलगायींची कवचे आता सूक्ष्मदर्शकाखाली गेली. भोवताली तेव्हा घनदाट जंगल नसून गुरे चरणारी मोकळी कुरणे होती, हे त्यांवरून कळले. गवताच्या ढेपांत पंख फुटलेल्या मुंग्याही सापडल्या. अशा मुंग्या तिथे उन्हाळ्याच्या अखेरीस दिसतात. तेव्हा त्या ढेपा जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये कापल्या असाव्यात, असा तर्क निघाला. वर्ष सांगता येत नव्हते, शतकाविषयीही मतभेद होते. महिना मात्र एका मुंगीने सांगितला. दुर्दैवाने ॲटकिन्सन यांच्या हयातीत या कामाचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला नाही. इतर अभ्यासकांनी तो १९९७ मध्ये प्रकाशात आणला.

१८/
आणि मग मे २००० मध्ये एके दिवशी सिल्बरीच्या माथ्यावर अचानक एक विवर उघडले. ते दहा मीटरहून अधिक खोल होते. ड्रॅक्सची विहीर वरून झाकली गेली होती, पण भक्कम भरलेली नव्हती. तिच्यातला भराव खाली खचला होता. तपासणी सुरू झाली. जमिनीत कंपने सोडून आणि बारीक छिद्रे पाडून पाहिल्यावर आणखी चिंताजनक गोष्ट उघडकीस आली. १८४९ आणि १९६८ चे बोगदेही जागोजाग पोकळ होते. त्यांची छते हळूहळू ढासळत होती आणि पोकळ्या वरवर सरकत होत्या. चार हजारांवर वर्षांचे पाऊस आणि वादळे टेकडीने सोसली होती. माणसाचे कुतूहल तिला सव्वादोनशे वर्षांतच जड जाऊ लागले होते.

१९/
विवरात तात्पुरते थर्माकोलचे ठोकळे भरून वरून खडू टाकला गेला. पण कायमचा इलाज कोणता? इथे जबाबदार संस्थेपुढे खरा पेच उभा राहिला. बाहेरून भराव दाबून सोडला, तर तो कुठवर पोहोचला हे कळणार नाही आणि मूळ थरांत शिरून तो ते कायमचे बिघडवील. नीट भरायचे तर पुन्हा आत शिरले पाहिजे, म्हणजे टेकडीला पुन्हा धक्का बसणार. काहीच केले नाही, तर ती स्वतःच खचत राहणार. बऱ्याच चर्चेनंतर ठरले की, जुन्या बोगद्यातूनच आत जायचे, नवे काही शक्यतो खणायचे नाही, उघड्या पडलेल्या भिंतींवरचे थर नोंदवायचे आणि मग प्रत्येक पोकळी खडूने ठासून भरून बाहेर यायचे.

२०/
२००७ च्या मे महिन्यात इंग्लिश हेरिटेज या संस्थेने हे काम हाती घेतले. पुरातत्त्वाची बाजू जिम लिअरी सांभाळत होते आणि बांधकामाची बाजू अभियंते व खाणकामगार. त्या वर्षी इंग्लंडात उन्हाळ्यातच महापुराचा पाऊस झाला. पाणी टेकडीत मुरू लागले, बोगद्याचे छत जागोजाग कोसळले आणि काही काळ काम थांबवावे लागले. उन्हाळ्यात संपणारे काम २००८ च्या वसंतापर्यंत लांबले. राजा शोधण्याचा हेतू नसलेले हे पहिलेच मोठे उत्खनन होते. सिल्बरीविषयी सर्वाधिक सांगून गेले ते हेच.

२१/
टेकडीची सुरुवात अगदी क्षुल्लक होती. प्रथम जमिनीवर वाळूखड्यांचा एक लहानसा ढीग रचला गेला. त्याची उंची मीटरभरही नव्हती. त्यावर आणि त्याच्या भोवती गवताच्या ढेपा, चिखल व गडद माती रचली गेली. त्या ढिगाला मेखांचे कुंपण होते. जवळच आणखी छोटे ढीग केले गेले, खड्डे खणून पुन्हा बुजवले गेले आणि सारे काही पुढच्या थराखाली झाकले गेले. मातीतले हे वेगवेगळे पदार्थ एकाच जागचे नव्हते. परिसरातील निरनिराळ्या ठिकाणांहून ते इथे आणलेले होते. मधूनमधून सार्सन या कठीण वालुकाश्माचे गोटेही ठेवलेले आढळले. स्टोनहेंज आणि एव्हबरीचे मोठे शिलास्तंभ याच दगडाचे आहेत.

२२/
पुढच्या टप्प्यांत खडूचे बांध आले. ढिगाभोवती मोठा खंदक खणला गेला, त्यातला खडू वर चढवला गेला. मग तोच खंदक बुजवून टेकडी त्याच्यावरून बाहेर पसरवली गेली आणि नवा खंदक आणखी बाहेर खणला गेला. हे पुनःपुन्हा घडले. निव्वळ उंच टेकडी हवी असलेला कोणताही गवंडी असे करणार नाही. आधीच्या पिढीने खणलेला खंदक पुढची पिढी बुजवते, हा प्रकार एकदाच ठरवून पूर्ण केलेल्या आराखड्यात बसत नाही. ५०० माणसांनी १५ वर्षे राबून ती बांधली असावी, असा पूर्वी केला जाणारा हिशेब अशा एकाच आराखड्याला गृहीत धरून होता. श्रमांचा अंदाज म्हणून तो उद्बोधक आहे. प्रत्यक्षात ही टेकडी थराथराने वाढत गेली.

२३/
हरणांची शिंगे आणि वनस्पतींचे अवशेष यांच्या नव्या रेडिओकार्बन मापनांवरून काळही अधिक नेमका ठरला. काम इ.स.पू. २४०० च्या सुमारास सुरू झाले आणि साधारण शंभर वर्षांत, म्हणजे तीन-चार पिढ्यांत संपले. नेमका हाच काळ ब्रिटनमध्ये मोठ्या उलथापालथीचा होता. युरोपच्या मुख्य भूमीवरून घंटेच्या आकाराची मातीची भांडी वापरणारे लोक येत होते आणि त्यांच्याबरोबर धातूची विद्याही येत होती. प्राचीन डीएनएच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, पुढच्या काही शतकांत ब्रिटनच्या लोकसंख्येची वांशिक घडण जवळजवळ पूर्ण बदलली. सिल्बरी त्या बदलाच्या उंबरठ्यावर उभी राहिली. दगडाच्या युगातील लोकांनी उभारलेल्या अखेरच्या महान वास्तूंपैकी ती एक आहे.

२४/
मग ती कशासाठी? लिअरी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड फील्ड यांनी प्रश्नाची दिशाच बदलली. आपण सिल्बरीकडे तयार वस्तू म्हणून पाहतो. ती रचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मात्र तिचे आजचे रूप कधी पाहिलेच नाही. एखाद्याच्या आजोबाने वाळूखडे टाकले असतील, बापाने ढेपा, त्याने स्वतः खडू. महत्त्व कदाचित टेकडी पुरी होण्याला नव्हतेच. आपापल्या ठिकाणची माती घेऊन सगळ्यांनी पाण्याकाठी एकत्र येणे, ती आधीच्यांच्या मातीवर टाकणे, हाच विधी असेल. केनेटचा उगम शेजारी आहे, हेही योगायोगाने नसावे. हे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. तथापि टेकडीच्या आतल्या थरांशी ते जुळते आणि राजाच्या थडग्याची कथा कधीच जुळली नाही.

२५/
याच संशोधनाने आणखी एक भ्रम दूर केला. सिल्बरीचा तो ओळखीचा सपाट माथा प्रागैतिहासिक नसावा. माथ्यावर मोठ्या खांबांसाठी खणलेले खड्डे आणि बाणांची लोखंडी टोके सापडली. त्यावरून सॅक्सन काळाच्या अखेरीस किंवा नॉर्मन काळात इथे लाकडी चौकी किंवा गढी उभारली गेली आणि त्यासाठी घुमटासारखा मूळ माथा छाटला गेला, असे दिसते. राजमार्गावर नजर ठेवायला याहून सोयीची जागा कोणती? म्हणजे छायाचित्रांतून जगाला ठाऊक असलेला हा आकारही एका पिढीचा नाही. त्यावर नवाश्मयुगाबरोबर मध्ययुगाचाही हात फिरला आहे.

२६/
सिल्बरी एकटीही नव्हती. तिच्या पूर्वेस आठेक किलोमीटरवर, केनेटच्याच काठी, मार्लबरो येथील एका विद्यालयाच्या आवारात सुमारे १९ मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती नॉर्मन किल्ल्यासाठी रचली असावी, असे अनेक जण मानत. २०१० मध्ये लिअरींच्या चमूने तिच्यात बोगदा न खणता माथ्यापासून तळापर्यंत बारीक नळ्या घालून मातीचे नमुने काढले. त्यांतील कोळशाच्या कणांनी सांगितलेला काळ होता इ.स.पू. २४०० च्या आसपासचा. ती सिल्बरीची धाकटी बहीण निघाली. ड्रॅक्सला टेकडीचे पोट फाडूनही जे कळले नाही, ते इथे काही इंच रुंदीच्या छिद्रांनी सांगितले.

२७/
पुरातत्त्वातला एक कटू नियम इथे लख्ख दिसतो : उत्खनन हे एकदाच वाचता येणारे पुस्तक आहे, कारण वाचलेले पान उरत नाही. १७७६ मध्ये उपसलेल्या मातीत किती मुंग्या, किती बिया, किती मेखांच्या खुणा होत्या, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. त्या काळच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती रेडिओकार्बन नव्हता. पण आज आपल्यापाशी जी साधने नाहीत, ती शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकांपाशी असतील. म्हणूनच जाणते पुरातत्त्वज्ञ स्थळाचा मोठा भाग न खणता राखून ठेवतात. सिल्बरीचा फार मोठा भाग अजूनही अस्पर्श आहे.

२८/
२००८ मध्ये शेवटच्या पोकळीपर्यंत खडू भरून बोगद्याचे तोंड बंद करण्यात आले. आता टेकडीवर चढण्यास मनाई आहे. तिच्या उतारावर खडूच्या जमिनीत वाढणारे गवत आणि रानफुले आहेत आणि त्यांची मुळेच वरची माती धरून ठेवतात. त्या गवताळ उतारालाही कायद्याचे स्वतंत्र संरक्षण आहे. १९८६ पासून स्टोनहेंज आणि एव्हबरीसह ती जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. पाहायला येणारे रस्त्याकडेच्या वाटेवरून तिच्याकडे बघतात. आत राजा नाही, हे आता सर्वांना ठाऊक आहे. एका उन्हाळ्याच्या अखेरीस कोणीतरी गवतासह उचलून आणलेली ढेप मात्र अजून आत आहे.

(समाप्त)